'रीच आउट'ची पोच

मी ज्या कामाचा पगार घेतो त्याला मराठीत धड नाव नाही. तुमचे पैसे अडकले, ऑर्डर चुकली, ॲप उघडेना, की तुम्हाला जो मेल येतो तो कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो. तो कुणीतरी म्हणजे मी. मेलची सुरुवात दिलगिरीने होते, मध्ये तुमचं नाव आपोआप भरलं जातं आणि शेवट ठरलेला असतो: 'प्लीज फील फ्री टू रीच आउट टू अस.' गेली सात वर्षं मी ही ओळ लिहितोय. खरं तर लिहितोय म्हणणंही खोटं आहे. दोन अक्षरं दाबली की अख्खी ओळ उमटते, अशी सोय मीच करून ठेवली आहे.

हा मेल ज्या पत्त्यावरून जातो, त्याच्या सुरुवातीलाच 'नो-रिप्लाय' असं लिहिलेलं असतं.

यातला विनोद कळायला मला सात वर्षं लागली. तो कळला त्यामागे एक मित्र आहे आणि माझी एक चूक आहे. ते पुढे सांगतो. आधी या शब्दाकडे जरा नीट बघू, कारण तो तुमच्याही फोनमध्ये आहे. आत्ता मेलबॉक्स उघडून शोधलात तर स्क्रोल करून अंगठा दुखेल.

एक शब्द, चार कामं

रोजच्या लिखाणात 'रीच आउट' मला चार जागी भेटतो.

पहिली जागा कामाच्या मेलची. 'आय ॲम रीचिंग आउट रिगार्डिंग द पेंडिंग इनव्हॉइस.' इथे त्याचा अर्थ 'मी मेल करतोय' एवढाच आहे, आणि मेल करणाऱ्याने तो करतोय हे सांगायची काहीच गरज नसते. पण 'इनव्हॉइस अजून आलेलं नाही' असं थेट लिहिलं तर दारावर थाप मारल्यासारखं वाटतं. 'रीचिंग आउट'मुळे तोच तगादा मऊ होतो. वसुलीला आलेला माणूस आधी 'काय, बरं आहे ना' म्हणतो, तसं.

दुसरी जागा मदत देऊ करणाऱ्याची. लिंक्डइनवर कुणी नोकरी गेल्याचं लिहिलं की खाली रांग लागते: 'हॅपी टू हेल्प, फील फ्री टू रीच आउट.'

तिसरी जागा मदत मागणाऱ्याची. 'इट टूक मी अ लॉट टू रीच आउट.' हे लिहिणारा माणूस खरोखर कशातून तरी जात असतो.

चौथी जागा बातमीची. 'वी हॅव रीच्ड आउट टू द कंपनी फॉर कमेंट.' म्हणजे आम्ही विचारलं होतं, पुढचं आमच्याकडे मागू नका.

आता दुसरी आणि तिसरी जागा शेजारी ठेवून पाहा. एकात हात काठावरून पाण्याकडे जातो, दुसऱ्यात पाण्यातून काठाकडे येतो. वाचवणारा आणि बुडणारा, दोघांसाठी क्रियापद एकच. शब्दाला अनेक अर्थ असणं हा काही गुन्हा नाही, पण इथे त्या अनेकार्थातून एक लबाडी होते. 'फील फ्री टू रीच आउट' हे वाक्य मदत देऊ करणाऱ्याचं आहे, पण त्यातल्या क्रियापदाचा कर्ता तो नाही. कर्ता समोरचा आहे. हात पुढे करायचं काम त्याचं, म्हणजे ज्याच्या हातात आधीच त्राण नाही त्याचं. बोलणाऱ्याच्या पदरात मात्र मदत केल्याचं पुण्य तिथेच पडतं, कमेंट पोस्ट झाली त्या क्षणी.

१९६६ साली 'फोर टॉप्स' या अमेरिकन गायकांचं एक गाणं खूप गाजलं: 'रीच आउट आय'ल बी देअर'. नुसतं शीर्षक बघा. त्यात काम दोघांत वाटून दिलं आहे. हात तू पुढे कर, हजर राहणं माझ्याकडे लागलं. १९७९ साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीने लांब पल्ल्याच्या कॉलची जाहिरात याच शब्दावर उभी केली. दूरच्या माणसाला फोनवरून स्पर्श करा, असा त्या जाहिरातीचा भाव होता. गाण्यातला हात असा टेलिफोनच्या बिलात आला. पुढे तो आमच्या मेलमध्ये आला, तेव्हा शीर्षकाचा पहिला अर्धाच भाग उरला होता. 'रीच आउट' राहिलं. 'मी तिथे असेन' हे गळालं.

'आउट' काय करतं

इंग्रजीत क्रियापदाला 'अप', 'आउट', 'ऑफ', 'ऑन' असं शेपूट लावलं की त्याचा अर्थ पालटतो. या प्रकाराला 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रूढ झालं ते लोगन पिअरसल स्मिथच्या १९२५च्या पुस्तकातून, आणि त्याने त्याचं श्रेय हेन्री ब्रॅडली या कोशकाराला दिलं होतं. नाव नवं असलं तरी दुखणं जुनं आहे. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत म्हणून ठेवलं होतं की इंग्रजी शिकणाऱ्या परक्या माणसाला सगळ्यात जड जातात ती हीच क्रियापदं. शाळेत 'गिव्ह अप' आणि 'गिव्ह इन' यांतला फरक घोकलेल्या कुणालाही हे पटेल.

'रीच आउट'मधल्या शेपटाचं काम तर फारच मजेशीर आहे. जुन्या इंग्रजीत 'रीच'चा मूळ अर्थ हात लांब करणं असा होता. वापरता वापरता हात पुढे गेला, वस्तूला लागला, आणि 'रीच' म्हणजे पोचणं झालं. 'आय रीच्ड हर' म्हटलं की भेट झालेली असते, निदान फोन तरी लागलेला असतो. आता त्याला शेपूट लावा: 'आय रीच्ड आउट टू हर.' भेट झाली का? माहीत नाही. फोन लागला का? माहीत नाही. हात पुढे केला होता, एवढीच खात्री. म्हणजे 'रीच'ने कमावलेलं पोचणं 'आउट'ने काढून घेतलं आणि पुन्हा नुसता हात शिल्लक ठेवला.

ऑफिसात हा शब्द इतका का चालतो, याचं उत्तर मला इथे सापडतं. तो प्रयत्नाची नोंद करतो आणि निकालाबद्दल गप्प बसतो. 'तू क्लायंटला गाठलंस का?' या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर असतं. 'तू क्लायंटला रीच आउट केलंस का?' याला नेहमी 'हो' म्हणता येतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये याहून उपयोगी क्रियापद नाही.

या शब्दावर चिडणारे पुष्कळ आहेत. ते म्हणतात, साधं 'काँटॅक्ट' म्हणा ना. पण एके काळी 'काँटॅक्ट'ही असाच शिव्या खाऊन होता. इ. बी. व्हाइटने १९५९ साली आपल्या गुरूच्या, विल्यम स्ट्रंकच्या, लेखनशैलीवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली. त्यात 'काँटॅक्ट' हे क्रियापद धूसर आणि स्वतःला फार समजणारं आहे, असा शेरा आहे. माणसाला 'काँटॅक्ट' करू नका, त्याला फोन करा, शोधा, भेटा, असा त्याचा सल्ला. म्हणजे व्हाइटची तक्रार शब्द नवा आहे म्हणून नव्हती. नेमकं काय करणार ते सांगा, एवढंच त्याचं मागणं होतं. ही कसोटी 'रीच आउट'ला लावली की तो नापास होतो. पण तो इंग्रजी आहे किंवा नवा आहे म्हणून नव्हे.

पोच

हे सगळं वाचून मी शुद्धिवादी वाटत असेन तर थांबा. मराठीने इंग्रजीतली ही शेपटीवाली क्रियापदं केव्हाच पचवली आहेत. 'फॉलोअप घेतला', 'चेकआउट केलं', 'ब्रेकअप झालं' हे आता आपलंच आहे. शेपूट सुटं ठेवायचं नाही, सगळा ऐवज एका नामात बांधायचा आणि मागे आपलं 'करणं', 'होणं', 'घेणं' लावायचं, अशी आपली पद्धत. 'पासआउट'चं बघा. लष्करी अकादमीतून शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्यांच्या संचलनाला 'पासिंग आउट परेड' म्हणतात. त्याच अर्थाने आपण 'मी २०१९ पासआउट' असं बिनधास्त लिहितो. लंडन-न्यूयॉर्कच्या रोजच्या बोलण्यात 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. तिथे कुणाला हे सांगितलंत तर तो पाणी आणायला धावेल. आपलं काही अडत नाही.

तेव्हा 'मी त्याला रीच आउट केलं' हे व्याकरणात बसतंच. माझा प्रश्न असा की ते म्हणताना आपण मराठीतलं काय बाजूला ठेवतो.

एक म्हणजे 'गाठणं'. 'साहेबांना शेवटी टपरीवर गाठलं.' या एका क्रियापदात शोधणं आहे, वाट पाहणं आहे आणि शेवटी भेट होणंही आहे. भेट झाली नाही तर 'गाठलं' म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे 'विचारपूस'. याचा कर्ता नेहमी धडधाकट माणूस असतो. आजाऱ्याने स्वतः उठून विचारपूस करायची नसते, ती त्याची केली जाते. 'फील फ्री टू रीच आउट'मध्ये हाच कर्ता उलटा फिरलेला आहे.

आणि तिसरा शब्द 'पोच'. तो मला फार आवडतो. पत्र मिळाल्याचं उलट कळवणं म्हणजे पोच देणं. सरकारी कचेरीत अर्ज दिला की आपण पोच मागतो, शिक्का मारून घेतो. माणसाची समज कुठवर जाते तीही पोच. 'त्याला काही पोच नाही' म्हणजे समोर काय चाललंय, आपण काय बोलतोय याचं त्याला भान नाही. हात कुठवर जातो, निरोप मिळाला का आणि समज आहे का, हे तीन प्रश्न मराठीने एकाच शब्दात बांधले आहेत. 'रीच आउट'मध्ये नेमके हेच तीन प्रश्न गैरहजर असतात.

प्रयत्न आणि निकाल वेगळे ठेवायची सवय आपल्या वर्तमानपत्रांतही दिसते. बातमीच्या शेवटी असतं: 'संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता संपर्क होऊ शकला नाही.' वाक्य कंटाळवाणं आहे, सरकारी आहे, पण प्रामाणिक आहे. हात पुढे केला आणि तो पोचला नाही, दोन्ही सांगून टाकतं. इंग्रजी 'रीच'चं एकच रूप आपण मनापासून उचललं, तेही नकारातलं: 'नॉट रिचेबल'. जून २०२२मध्ये एकनाथ शिंदे काही आमदारांना घेऊन सुरतेला गेले, तेव्हा मराठी वाहिन्यांवर या दोन शब्दांचा नुसता पाऊस पडला होता. मोबाइलमधल्या ध्वनिमुद्रित बाईचे शब्द बघता बघता माणसाचं विशेषण झाले. 'तो हल्ली नॉट रिचेबल असतो' हे वाक्य आता नेटवर्कबद्दल नसतं.

सहज

आता मित्राची गोष्ट.

हॉस्टेलवर आम्ही तीन वर्षं एका खोलीत होतो. तो पुण्यातच नोकरीला लागला, मीही. मग व्हायचं ते झालं. महिन्यातून एकदा, मग सणावाराला, मग फक्त एकमेकांच्या स्टोरीवर हसणारा इमोजी.

२०२३च्या जुलैमध्ये एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, त्याचा मेसेज आला: 'काय रे, कुठे असतोस? सहज मेसेज केला.' मी वाचला. रात्री निवांत लिहू म्हणून ठेवला. रात्री विसरलो. चार-पाच दिवसांनी पुन्हा: 'जेवलास का?' या वेळी मी एक अंगठा पाठवला. मग त्याने एक जुना फोटो टाकला, आमच्या मेसचा. मी बदाम दिला. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४मध्ये निळ्या टिका आणल्या तेव्हापासून वाचल्याची पोच आपोआप जाते. त्यामुळे त्याला प्रत्येक वेळी पोच मिळत होती. मी वाचलंय, हे त्याला कळत होतं.

ऑक्टोबरात त्याची लिंक्डइनवर पोस्ट दिसली. जूनमध्ये नोकरी गेली होती. पहिले दोन महिने घरी सांगितलंच नव्हतं. रोज डबा घेऊन, बॅग लावून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी परत यायचा. दिवसभर कुठे बसायचा ते त्याने लिहिलं नव्हतं. इंग्रजीत लिहिलेली, नीटनेटकी पोस्ट होती. 'नोकरी गेली' असं नव्हतं, 'आय वॉज इम्पॅक्टेड' असं होतं.

मी खाली कमेंट केली. मला शपथेवर विचाराल तर ती करताना वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण बोटांनी सवयीचं काम केलं: 'सो सॉरी टू हिअर धिस. फील फ्री टू रीच आउट.'

पाच मिनिटांनी व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज आला.

'केलं होतं रे. जुलैत.'

मी वर स्क्रोल केलं. मंगळवार, अकरा वाजता.

हाताखालच्या पोरांनी लिहिलेल्या मेलमध्ये सूर कुठे चुकलाय, कुठला शब्द टोचतोय हे मी त्यांना समजावून सांगतो. मला शब्द वाचता येतात अशी माझी समजूत होती. आणि दोन ओळींचा मजकूर मला वाचता आला नव्हता. कामाच्या दिवशी सकाळी अकराला जो माणूस 'कुठे असतोस' विचारतो, त्याच्याकडे त्या वेळी काम नसतं. 'जेवलास का' विचारणाऱ्याला बहुतेकदा आपण त्याला तेच विचारावं असं वाटत असतं. आणि 'सहज'. मराठीत अडचणीतला माणूस अडचण हा शब्द वापरत नाही, तो 'सहज' वापरतो. 'सहज फोन केला.' 'सहज आलो होतो या बाजूला.' नकार मिळालाच तर परत फिरायला वाट असावी म्हणून ठेवलेला शब्द आहे तो. मी मात्र 'रीच आउट' अशी पाटी लावलेला हात येईल म्हणून बसलो होतो. मराठीत हात असा पाटी लावून येत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पोच नव्हती मला, दुसरं काय.

मग चूक कुणाची

इंग्रजी शब्दाची, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. 'काही लागलं तर हक्काने सांग' हे आपलं अस्सल मराठी वाक्य त्याच जातीचं आहे. कुणाकडे दुःखाला जावं, चहा घ्यावा आणि निघताना चपला घालता घालता हे म्हणावं. त्यातला 'हक्क' इतका वापरला गेलाय की कुणी खरंच तो बजावायला आला तर आपण गडबडून जाऊ. हात पुढे करायचं काम त्यातही समोरच्यावरच टाकलेलं आहे. फरक असला तर एवढाच, की ते म्हणायला निदान घरापर्यंत जावं लागायचं. आता तेवढंही लागत नाही.

आणि इंग्रजीने त्याला काही दिलंही. नंतर भेटलो तेव्हा मी त्याला विचारलं, ती पोस्ट इंग्रजीत का लिहिलीस? तो म्हणाला, 'मराठीत लिहायला बसलो होतो. "माझी नोकरी गेली" एवढं लिहिलं आणि पुढे लिहवेना. बाबा वाचतायत असं वाटायला लागलं.' परक्या भाषेतला पोकळ शब्द कधी कधी ओव्हरकोटासारखा असतो. आत कुणीही असो, बाहेर पडता येतं. तिसऱ्या जागेवरचा, म्हणजे मागणाऱ्याचा 'रीच आउट' मला म्हणूनच खोटा वाटत नाही. तो उच्चारायला त्या माणसाला काहीतरी मोजावं लागलेलं असतं. मला खटकतो तो दुसऱ्या जागेवरचा, ज्याला काहीच मोजावं लागत नाही.

गेल्या वर्षी मी कामावर एक सुचवून पाहिलं. ती शेवटची ओळ काढू आणि लिहू की या मेलला उत्तर द्या, आमच्यातलं कुणीतरी ते वाचेल. मीटिंगमध्ये दोन मिनिटं शांतता झाली. मग एकीने अगदी रास्त शंका काढली: 'पण कोण वाचेल?' ओळ तशीच राहिली. आजही जाते. तुम्हाला आली तर वरचा पत्ता बघा.

स्वतःपुरता मात्र मी एक नियम केला आहे. मदतीच्या वाक्यात क्रियापदाचा कर्ता मी असला पाहिजे आणि वाक्यात एखादा वार तरी असला पाहिजे. 'शनिवारी सकाळी येतो, टेकडीवर जाऊ.' 'तुझा रिझ्युमे पाठव, रविवारपर्यंत वाचून फोन करतो.' असं लिहायला लागल्यापासून मी पूर्वीपेक्षा खूपच कमी लोकांना मदत देऊ करतो, हेही कबूल करतो. पूर्वी मी ती सगळ्यांना देऊ करायचो.

मित्राला पुढच्या वर्षी नाशिकला नोकरी लागली. परवा दुपारी तीनला त्याचा मेसेज आला: 'काय रे. सहज.'

मी जिन्यात जाऊन फोन लावला. त्याला आमच्या मेसमधल्या आचाऱ्याचं नाव आठवत नव्हतं, सकाळपासून डोक्यात अडकलं होतं म्हणे. मलाही आठवलं नाही. वीस मिनिटं आम्ही तेच आठवत बसलो.